कोपऱ्यातला लाल टिपका

मॅडमनी मला फसवलं आणि मी विलासला फसवलं. घटना एकच, कागदही एकच. पण गेली दोन वर्षं मी लोकांना यातला पहिला अर्धा भागच सांगत आलो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, ओळखीच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये कोणी विचारलं, "साळवे, मॅडमचं काम का सोडलं हो?" की मी आवाज चढवून मॅडमचा भाग सांगायचो आणि माझा गिळायचो. आज दोन्ही लिहितो.

मॅडमचं नाव इथं नाही. संपादकांनी तशी अट घातली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता एक अट मान्य केली. विलासचं नाव मी बदललंय. तो म्हणाला होता, बदलू नका, नाव तर गेलंच की काका. तरी बदललं.

माझा धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण दवाखान्यात जाणाऱ्याला हा धंदा दिसत नाही. मी तेवीस वर्षं खाजगी दवाखान्यांचा पीआरओ होतो. तालुक्याच्या गावात जो डॉक्टर बसतो, त्याच्याकडं आलेला मोडका पाय शहरातल्या कोणत्या दवाखान्यात जायचा हे आपोआप ठरत नाही. ते आमच्यासारखा माणूस ठरवतो. मोटारसायकलवर कन्नड, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर असं फिरायचं. डॉक्टरांना भेटायचं, त्यांच्या पोरांची नावं लक्षात ठेवायची, दिवाळीला काजूकतली न्यायची आणि "साहेब, पाय मोडला तर आमच्याकडंच," एवढं बोलून उठायचं. बाकीचं काय असतं ते डॉक्टरांना माहीत आहे आणि वाचकांनाही असावं.

मी दहावी नापास. शिक्षण झालं ते पिशोरच्या बाजारात, आईच्या शेजारी गोणपाटावर बसून अद्रक विकताना. आई म्हणायची, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघू नको, पिशवीकडं बघ. पिशवी भरलेली असली तर त्याला घरी जायची घाई आहे, तो भाव देणार. रिकामी असली तर तो अजून चार जणांकडं जाणार, त्याला थोडं सोड. तेवढ्यावर मी शहरात आलो, वॉर्डबॉय झालो, वॉर्डबॉयचा पीआरओ झालो, हडको भागात दोन खोल्या बांधल्या. डोकं तापट. त्यापायी तीन दवाखाने सोडले. तिसऱ्या दवाखान्याच्या मालकाच्या टेबलावर मी माझी व्हिजिटिंग कार्डं उधळून आलो होतो. कारण आता आठवत नाही, कार्डं मात्र आठवतात.

आमच्या धंद्यातली एक पद्धत इथं सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. गावोगावी मोफत तपासणी शिबिरं होतात. शाळेच्या वर्गात टेबल टाकायचं, म्हातारी माणसं गुडघे घेऊन रांगेत बसतात. डॉक्टर तपासतो, फॉर्म भरतो, फॉर्म आमच्याकडं येतो. आम्ही त्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती लाल पेनानं एक टिपका द्यायचो. टिपका म्हणजे हा माणूस ऑपरेशनला येणार. गुडघा किती झिजलाय याच्याशी टिपक्याचा फारसा संबंध नसायचा. सोबत मुलगा आलाय का, मुलगा नोकरीला आहे का, म्हातारी दुखण्याबद्दल बोलते की नातवाच्या मुंजी-लग्नाबद्दल, हे बघून टिपका पडायचा. दुसऱ्या दिवशी फोन जायचा तो फक्त टिपक्यांना. बाकीचे फॉर्म दवाखान्याच्या माळ्यावर. टिपका देण्यात माझा हात धरणारा या जिल्ह्यात कोणी नव्हता. हे मी अभिमानानं सांगायचो.

मॅडम भेटल्या तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेला आणि बेकार होतो. त्या डॉक्टर नव्हत्या. समुपदेशक होत्या. गोळ्या लिहून देत नव्हत्या, समोर बसवून ऐकायच्या आणि बोलायच्या. पुण्यात शिकलेल्या. गारखेड्यात मुख्य रस्त्यावर, तळमजल्यावर, काचेच्या दाराचं ऑफिस थाटून चार महिने बसल्या होत्या. बाहेर भलामोठा फ्लेक्स : मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र. चार महिन्यांत कोण आलं होतं विचारलं, तर म्हणाल्या, पत्ता विचारायला बरेच येतात.

मी दोन दिवस समोरच्या टपरीवर बसलो. लोक फ्लेक्स वाचायचे. वाचताना पाय मंद व्हायचे आणि वाचून झालं की भराभर पडायचे. पँट-शर्टातला एक माणूस तीनदा आला नि तीनदा पुढं गेला. तिसऱ्यांदा त्यानं काचेतून आत पाहिलं, आत बसलेल्या मॅडमनी त्याच्याकडं पाहून हात हलवला. तो जवळजवळ पळाला.

मी मॅडमना सांगितलं, काच काढा आणि हे दुकान बंद करा. त्या चिडल्या. इतकं भाडं, इतका खर्च, आणि लोकांनी लपून का यावं, हीच तर लाज मोडायची आहे, वगैरे. मी म्हणालो, लाज तुम्ही मोडा, पण भाडं द्यायला आधी माणसं तर येऊ द्या.

आठवड्याभरात मी जागा शोधली. एका इमारतीचा पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताला दातांचा डॉक्टर, उजव्या हाताला रिकामी खोली. जिना एकच. जिन्यात कोणी भेटलं तर दाढ दुखते म्हणायची सोय. घरमालकाला ती खोली शिकवणीला द्यायची होती. त्याला मी दोन तास पोरांच्या चपलांचा ढीग, सायकली, दंगा डोळ्यांसमोर उभा करून दाखवला आणि खोली घेतली. दारावर पाटी लहान. हँडबिलावर मानसिक हा शब्दच नाही. झोप लागत नाही? घरात बोलणं बंद झालंय? मुलगा दार लावून बसतो? एवढे तीन प्रश्न, फोन नंबर, आणि खाली जाड अक्षरात एक ओळ : इथली गोष्ट इथंच राहते.

ती ओळ माझी. हाडांच्या दवाखान्यात विकायला एक्स-रे होता, नवं मशीन होतं, मुंबईहून येणारा डॉक्टर होता. इथं विकायला काहीच नव्हतं. खोलीत दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, कागदी रुमालांचा डबा. मग माणूस काय घ्यायला येणार? बोललेलं बाहेर जाणार नाही, एवढाच माल होता. मी तो विकला, आणि चांगला विकला.

माणसं येऊ लागली. एक निवृत्त अधिकारी सहा आठवडे जबड्याला हात लावून जिना चढायचे. उतरतानाही हात तिथंच. शेवटी दातांचे डॉक्टर मला म्हणाले, "साळवे, तुमचे हे पेशंट बघून माझे पेशंट घाबरतात. इतक्या वेळा येऊनही यांची दाढ बरी होईना म्हणतात." सिडकोतल्या एका बाईंनी बहिणीच्या नावानं वेळ घेतली. पुढच्या महिन्यात खऱ्या नावानं फोन करून म्हणाल्या, माझी बहीण तुमच्याकडं येते असं कळलं, तिला सांगू नका मी येणार आहे. फोन मीच घ्यायचो. आवाज तोच. मी गंभीरपणे म्हणालो, नाही सांगत.

आणि एक गंगापूरकडचे बागायतदार आले होते, बायकोला घेऊन. त्यांचं आठवण्यासारखं आहे. बाई आत बसायच्या, हे बाहेर माझ्यासमोर फोनवर मोठ्यानं बोलत बसायचे. तिसऱ्या वेळी बाई बाहेर आल्यावर ते आत शिरले. दार उघडंच होतं. म्हणाले, "काय बोलली ती?"

मॅडम म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही.

"पैसे कोण भरतंय? मीच ना? मग मला कळायला नको?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या वेळेचे पैसे भरता. त्यांच्या बोलण्याचे नाही."

त्यांनी तिप्पट देऊ केले. मी बाहेर बसलेला, माझे हात शिवशिवत होते. तीन महिन्यांचं भाडं दारात उभं होतं. मॅडम खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, बाहेर जाताना दार ओढून घ्या. ते शिव्या देत गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पंधरा दिवसांनी ती बाई एकटी आली, एसटीनं, हातात भाजीची पिशवी. कोणी विचारलं तर बाजाराला आले म्हणायचं होतं.

त्या दिवशी मी मॅडमना मानलं. इतकी वर्षं माणसं आणून देण्याचं काम केलं, पण आणलेल्या माणसाच्या बाजूनं असं उभं राहिलेलं कोणी मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती हँडबिलाची ओळ मी नुसती जाहिरात म्हणून वाटत नव्हतो. मला ती खरी वाटत होती.

एक-एक माणूस जिना चढून येण्यावर खोली चालत होती, पण मॅडमना मोठं काम हवं होतं. त्यात चूक काही नाही, मलाही हवं होतं. मी म्हणालो, वाळूजच्या कारखान्यांत चला. तिथं एका गेटातून हजार माणसं आत जातात. एका कंपनीत अपघात झाला होता, कामगारांत अस्वस्थता होती, आणि एचआरच्या साहेबांना काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. पिशवी भरलेली होती. मी ओळखलं.

बैठक त्यांच्या थंडगार खोलीत झाली. साहेब तरुण, गोड बोलणारे. मला 'साळवेसाहेब' म्हणायचे. मी चार गोष्टी मागितल्या. शिबिर शिफ्टच्या वेळेत घ्यायचं, शिफ्ट सुटल्यावर नाही. कॅन्टीनमध्ये नाही, वेगळ्या खोलीत. कंत्राटी कामगारांनाही बसवायचं. आणि एका शिबिरावर न थांबता वर्षभराचं काम द्यायचं. प्रत्येक गोष्टीवर ते अडले, प्रत्येक गोष्ट मी पटवली. शेवटी ते म्हणाले, सगळं मान्य, फक्त फॉर्मवर नाव पाहिजे.

मॅडम म्हणाल्या, नाव नको. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. सौदा तुटेल असं मला वाटलं, आणि तुटणारा सौदा जोडायची मला इतकी सवय की मी विचार न करता बोलून गेलो, "नाव नको, टोकन नंबर टाकू. मधला रस्ता."

साहेब लगेच हसले. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. मी चार गोष्टी घेऊन एक दिली होती, आणि समोरचा खूश होता. कारखान्यात नाव कोण विचारतं? गेटवर नंबर, पगारपत्रकावर नंबर, डब्यावर रंगानं लिहिलेला नंबर. नंबर म्हणजेच माणूस. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. परत येताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "साळवे, ते नंबरचं ठीक झालं ना?" मी म्हणालो, नंबरावरून कोणाचं काय कळतंय. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सौद्यात मी जे दिलं ते माझं नव्हतं. आईनं कधी दुसऱ्याच्या टोपलीतलं अद्रक माझ्या हातात देऊन विकायला सांगितलं नाही.

शिबिराच्या दिवशी आधी मॅडम तासभर बोलल्या. छान बोलल्या. मग फॉर्म वाटले. वीस प्रश्न, पुढं हो आणि नाही अशा चौकटी. झोप मध्येच मोडते का, कामावर यायची भीती वाटते का, झालेला प्रसंग डोळ्यांसमोर येतो का, असे. पहिले दहा-बारा फॉर्म आले ते सगळे सारखेच. वीसच्या वीस नाही. माणसं इतकी सुखी असतील तर आम्ही आलो कशाला? मी रांगेतून फिरायला लागलो.

विलास भिंतीकडच्या बाकावर होता. तिशीतला, अंगानं काटक. फॉर्म भरून झालेला, वीस नाही, आणि त्यावर दोन्ही हात पालथे ठेवून बसलेला. मी नाव विचारलं, गाव विचारलं. पिशोर म्हणाला. मी म्हणालो, मी पण पिशोरचा, बाजारात अद्रक विकणाऱ्या साळवेबाईचा पोरगा. त्याला माझी आई माहीत असणं शक्य नव्हतं, पण त्याचा चेहरा सैल झाला.

"सगळं नाहीच का रं?" मी विचारलं.

"मंग काय लिहू?"

"खरं लिही."

त्यानं दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, हे साहेबाकडं जाईन का?"

"नाय जात."

"शब्द कोणाचा? तुमचा का म्याडमचा?"

"माझा. पिशोरचा माणूस पिशोरच्या माणसाला फसवील का?"

मी त्याच्या हाताखालचा फॉर्म काढून घेतला, फाडला आणि कोरा दिला. हे मी स्वतःच्या हातानं केलं. तो फाडलेला फॉर्म त्याच्या नावावर राहिला असता तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा फॉर्म भरता भरता त्यानं मला सांगितलं. तो प्रेसवर होता. पत्रा साच्यात ठेवायचा आणि दोन हातांनी दोन बटनं एकदम दाबायची, म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर असतात. पण दोन बटनांत वेळ जातो, पीस कमी निघतात. म्हणून काही जण एक बटन चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवतात आणि एका हातानं काम उरकतात. शेजारच्या प्रेसवरच्या पोरानं तसंच केलं होतं. त्याचा पंजा आत राहिला. मशीन पुसायच्या चिंध्यांत तो हात गुंडाळून त्या पोराला दारापर्यंत नेलं ते विलासनं.

"तवापासून मी बटन दाबायच्या आधी बोटं मोजतो," तो म्हणाला.

"दर पीसला?"

"दर पीसला. दहाची दहा. मगच दाबतो. लई टाइम जातो काका, पन मोजल्याबगर दाबताच येईना."

घरी बायकोला सांगितलंस का, विचारलं. नाही म्हणाला. बजाजनगरात एका खोलीत तिघं राहतात, तो, बायको आणि चार वर्षांची मुलगी. सांगणार कधी नि कसं? मी म्हणालो, आता मॅडमना सांग, मॅडम चांगल्या आहेत. फॉर्म घेतला. वीसपैकी चौदा हो. आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं माझा हात खिशाकडं गेला, लाल पेन निघालं, उजव्या कोपऱ्यात वरती टिपका पडला. हा माणूस येणार. गठ्ठा बांधला तेव्हा सव्वीस टिपके होते. मी खुशीत होतो. त्या दिवशी मी सव्वीस माणसांना खरं बोलायला लावलं होतं.

फॉर्म मॅडमच्या कपाटात गेले. त्या सव्वीस जणांना आठवड्यातून दोनदा कंपनीच्याच खोलीत भेटायचं ठरलं होतं. पण दर आठवड्याला निरोप यायचा, उत्पादनाची घाई आहे, पुढं बघू. मी मॅडमना विचारायचो, कधी सुरू करायचं? त्या म्हणायच्या, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. काय बोलणं चालू होतं ते मला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी विलास जिना चढून आला. मी त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. कंत्राटदारानं त्याला आणि आणखी सात जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. आठही जण कंत्राटी, आठही जण त्या शिबिरात बसलेले. कायम कामगारांना कोणी हात लावला नव्हता, त्यांना लावता येत नाही. कारण विचारलं तर कंत्राटदार सगळ्यांसमोर म्हणाला होता, तुमची डोकी आधी तपासून घ्या, वरून यादी आली आहे.

"आमच्या खोल्यांच्या रांगेत समद्यांला कळलं," विलास म्हणाला. "बायकोनं तिच्या भावाला फोन केला. तो म्हणतो, पोरीला घेऊन ये गावाकडं, त्याचा काय भरोसा."

मी आत गेलो. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. यादी तुम्ही दिली का, विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, त्यांना अहवाल हवा होता. अहवाल दिला, तर म्हणाले, मदत कोणाला करायची ते कळल्याशिवाय पुढचं वर्ष कसं मंजूर करू? लक्ष द्यायची गरज असलेले नंबर तेवढे द्या.

"आणि तुम्ही दिले."

"मी फॉर्म दिले नाहीत साळवे. उत्तरं दिली नाहीत. तुमचे टिपके होते, तेवढे नंबर उतरवून दिले."

माझे टिपके. मी ते कशासाठी दिले होते, तर कोणाला आधी बोलवायचं हे मॅडमना कळावं म्हणून. आणि बाईंनी माझ्याच खुणेची यादी केली. मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. शेजारून दातांचे डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले. मी मॅडमना त्या बागायतदारांची आठवण करून दिली. बायकोचं बोलणं नवऱ्याला सांगितलं नाहीत, तिप्पट पैसे नाकारलेत. मग या साहेबानं काय वेगळं मागितलं? तेच मागितलं, पैसे मी भरतो, मला कळायला नको? तिथं नको म्हणालात. इथं का नको म्हणाला नाहीत?

मॅडमचं म्हणणं काय होतं तेही लिहितो, नाहीतर हे एकतर्फी होईल. त्या म्हणाल्या, हात थरथरणारा, झोप न झालेला माणूस प्रेसवर उभा आहे हे मला कळलंय. उद्या त्याचा हात गेला तर? गप्प बसले म्हणून मलाच विचारतील ना? त्याला दुसरं, सोपं काम द्या असं मी अहवालात लिहिलं होतं. काढून टाका असं मी कुठं लिहिलं?

यात तथ्य आहे. मी बरेच दिवस त्यावर विचार केला. पण जो माणूस दहा बोटं मोजून मग बटन दाबतो, त्याच्या मशीनवर अपघात कसा होईल? त्या अख्ख्या रांगेत सगळ्यात सुरक्षित माणूस तोच होता. तो फक्त हळू होता. आणि समजा धोका होताच, तर आधी त्याला सांगायचं, त्याच्या समोर बसून. दोन महिन्यांत त्याला एकदाही समोर बसवलं नव्हतं. त्याच्याबद्दल सगळं बोलून झालं होतं, त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "आणि नंबर टाकायला कोण तयार झालं होतं? मी नाव नको म्हणाले होते." तयार मीच झालो होतो.

विलास दारात उभा होता, त्यानं हे सगळं ऐकलं. त्याचा आवाज चढला नाही. तो आत आला आणि मॅडमना म्हणाला, "म्याडम, एका कागदानं माझं काम गेलं. मंग एक कागद द्या की मला. हा मानूस चांगला हाय, एवढंच लिहा. मी साहेबाला नाय दाखवत. बायकोच्या भावाला दाखवतो."

मॅडमचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय असं लिहून देता येत नाही. सहा वेळा येऊन बसा, मी एक पैसा घेणार नाही, मग बघू.

"बसू आन् काय करू?" विलासनं विचारलं. "बोलू?"

तो जिना उतरून गेला. मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्याच्या मागं उतरलो, पण रस्त्यावर तो दिसला नाही.

नंतर मी त्या कंत्राटदाराकडं गेलो, कंपनीच्या गेटवर गेलो, एचआरच्या साहेबांना भेटायला तीन दिवस बसलो. ते भेटले नाहीत. गेटवरच्या माणसानं मला टोकन नंबर विचारला. इतक्या वर्षांत शंभर डॉक्टरांच्या केबिनची दारं मी उघडून घेतली, पण हे एक दार उघडलं नाही. माझ्याकडं देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि समोरच्याला आता कसलीच घाई नव्हती, पिशवी रिकामी होती.

विलासची बायको माहेरी गेली नाही, एवढं बरं झालं. भाऊ न्यायला आला होता, तिनं त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. विलास आता एका गोदामात माल चढवतो-उतरवतो, रोजानं. मी महिन्यातून एकदा बजाजनगरला जातो. चहा होतो. मुलगी पहिलीत गेली, तिची वही दाखवते. गेल्या वेळी ती आईबरोबर बाहेर गेल्यावर मी त्याला विचारलं, झोप लागते का रे?

"लागते."

"बोटं मोजतो का अजून?"

"नाय."

"ते पोरगं आठवतं?"

"नाय आठवत काका. समदं चांगलं हाय." बोलताना त्यानं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते, अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावत, करंगळीपर्यंत जाऊन परत. मी बघतोय हे कळल्यावर त्यानं मुठी मिटल्या. पहिल्या फॉर्मवर वीस नाही होते. तो तिथं परत गेला. आता त्याच्याकडून हो काढून घेणारा माणूस या जिल्ह्यात नाही. जो होता त्यानं स्वतःच्या हातानं तो फॉर्म फाडला होता.

मला अजूनही लोक बोलावतात. शहरात आता असली केंद्रं पुष्कळ झाली. नवी पोरं मोबाइलवर जाहिराती करतात, तरी कोणी कोणी विचारतं, काका, माणसं येत नाहीत, काय करू? मी सांगत नाही. माझ्याकडं विकण्यासारखी एकच ओळ होती.

ती ओळ मॅडमच्या दारावर अजून आहे. मी गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांकडं गेलो होतो, खरंच दाढ दुखत होती, तेव्हा पाहिली. पाटी नवी, मोठी, आणि खाली माझी ओळ : इथली गोष्ट इथंच राहते.

मॅडम, तुम्ही हा अंक वाचता हे मला माहीत आहे, तुमच्या टेबलावर तो असायचा. माझं उत्तर मी वर लिहिलं आहे. नंबर मी कबूल केला, कोरा फॉर्म मी दिला, शब्द मी दिला. त्यातलं एकही मी नाकारत नाही, आणि विलाससमोर हे मी बोललो आहे. तुमचं उत्तर राहिलंय, आणि ते मला नको आहे. बजाजनगरची ती खोली कुठली ते मी दाखवतो. तिथं या. त्याच्या बायकोसमोर बसा आणि सांगा की यादी मी दिली, या माणसात खोट नव्हती, याच्यावर विश्वास ठेवा. कागदावर लिहून देता येत नसेल तर तोंडानं सांगा. आणि तेवढंही जमणार नसेल, तर माझी ओळ दारावरून उतरवा. दोन्हीपैकी काय करताय?